न विकलेली हातभर जागा

आमच्या घराला कुणाची भिंत लागून नव्हती. साऱ्या गावात असं ते एकच घर. बाकीची घरं खांद्याला खांदा लावून उभी. एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका लागायचा. आमचं मात्र गावकुसाबाहेर, गंगेच्या काठावर, उंचवट्यावर एकटं. गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, रंगाऱ्याची ऐट बघा, नदीकाठी सुटं घर बांधून राहतो. ऐट कसली डोंबलाची! वडिलांचा धंदा निळीचा. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले पाच रांजण आणि त्यांत नीळ आंबत पडलेली. त्या वासाला भिंत लावायला कोण येणार? गावानं आम्हाला लांब ठेवलं आणि आम्ही त्यालाच मोकळी हवा म्हणत राहिलो.

घर मात्र चांगलं होतं, आणि हे मी विकणाऱ्याच्या तोंडानं सांगत नाही. वडिलांनी तरुणपणी ते स्वतः उभं केलं होतं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाच्या तुळया आणि त्यावर मातीचं सपाट माळवद. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागच्या दारातून गंगेत उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. कितीही पूर आला तरी पाणी सातव्या पायरीच्या वर चढलेलं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि सासरच्यांनी मला जशा गाडीतून नेलं होतं तशाच गाडीतून परत पोचवलं होतं. आई लहानपणीच गेलेली. घरात वडील आणि मी. गिरणीचं कापड आलं, मागोमाग डब्यातला रंग आला, आणि पाचांतले चार रांजण कोरडे पडले. वडिलांना त्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठी गोष्ट ते माझ्यापासून लपवत होते. त्यांना दिसेनासं झालं होतं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर ते हसण्यावारी नेता येतं, पण माणूस आपलं आंधळेपण किती दिवस लपवणार? एका सकाळी ते कापड खळबळायला निघाले आणि जिथं पायरीच नव्हती तिथं पाय टाकला. गळ्याइतक्या पाण्यातून एका भोयानं त्यांना ओढून काढलं. ओल्या अंगानं ओसरीवर बसून म्हणाले, "काही न्हाई झालं. शेवाळावरून घसरलो." त्या दिवशी त्या बाजूला शेवाळ नव्हतंच. मी तेव्हाच ठरवलं, की हे घर विकायचं.

जायचं कुठं, तेही माझं ठरलेलं होतं. लहानपणी मी जालन्याला मावशीकडे राहून चौथीपर्यंत शिकले होते. तिथल्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मावशीजवळ निरोप ठेवला होता, की वाचता येणारी एक बाई सुईणीचं शिकायला हवी आहे, राहायला खोली मिळेल, पण दसऱ्याच्या आत हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसरीला जाईल. डोळ्यांतला मोतीबिंदूही जालन्यातच काढतात, असंही कळलं होतं. म्हणजे मला तिथं जायचं होतं, आणि वडिलांना इथं नदीच्या तोंडावर एकटं ठेवून जाणं शक्य नव्हतं. घर असेपर्यंत ते हलणार नव्हते. हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच त्यांनाही.

"घर इकलं की गावात आपलं काय राह्यलं?" ते म्हणायचे. "मंग गावात यायचं ते पाव्हणं म्हणून. कोणाच्या ओसरीवर बसायचं ते त्यानं बस म्हणल्यावर."

"आणि न्हाई इकलं तर गंगंत बसायचं," मी म्हणायची.

माझी जीभ पहिल्यापासून अशीच. पण मी नसताना ते बुडतील, ही भीती मला झोपू देत नव्हती, आणि भीती वाटली की मी भांडते. आठ दिवस धुसफुस झाल्यावर ते म्हणाले, "गिऱ्हाईक आलं तर बघू." त्यांच्या हिशेबानं गिऱ्हाईक येणारच नव्हतं.

आलं. तंबाखूचा एक व्यापारी. त्याला वखार करायची होती. चारी बाजूंनी फिरून म्हणाला, "कोणाची भिंत लागून न्हाई, आगीची धास्ती न्हाई. बराबर जागा हाय." सौदा ठरला. मी वडिलांना बजावून सांगितलं, दस्त होईपर्यंत गावात चकार शब्द काढू नका. ते हो म्हणाले, आणि मी धुणं घेऊन नदीवर गेले तेवढ्यात गुळाचा खडा धोतराच्या सोग्यात बांधून भावकीला सांगायला निघाले. घर द्यायचं तर आधी भावाचं तोंड गोड करायचं, ही त्यांची रीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हा भाऊ म्हणजे त्यांचा लांबचा चुलतभाऊ. मी त्यांना नाना म्हणायची. आमच्या अंगणाच्या उगवतीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे नानांचा गोठा. वीस वर्षांत नाना आमच्या ओसरीवर दोनदा आले असतील, तेही नाकाला उपरणं लावून. पण शेजार तो शेजार. आणि निजामाच्या राज्यात शेजाऱ्याच्या हातात एक हत्यार होतं. त्याला शुफा म्हणत. कोणी घर किंवा जमीन विकली, तर ज्याची जागा लागून आहे त्यानं म्हणायचं, याला कशाला, मला दे. माझा हक्क आधी. अट एवढीच, की विक्रीची बातमी कानावर पडल्याबरोबर मागणी केली पाहिजे. बसलेला असेल तर उठून, जेवत असेल तर घास टाकून, आणि दोन साक्षीदारांदेखत. पाणी प्यायला थांबला, पान लावत बसला, की हक्क गेला, असं लोक सांगायचे.

वडील पोचले तेव्हा नाना जेवत होते. वडिलांनी गुळाचा खडा पुढं केला आणि म्हणाले, "घर देऊन टाकलं बाबा, ठरलं." नाना ताडकन उठले. एका हातात भाकरी, तोंडात घास. "मी शुफा मागतो! दोघं जण ऐका रे! मी शुफा मागतो!" वडिलांना वाटलं ठसका लागला. त्यांनी चाचपून पाण्याचा तांब्या पुढं केला. नानांनी तो असा ढकलला की सारं पाणी पानात. हक्क जाऊ नये म्हणून बिचारे तसेच कोरडे खोकत उभे राहिले.

व्यापारी दुसऱ्या दिवशी येऊन गेला. "बाई, घर घ्यायला आल्तो मी. कज्जा घ्यायला न्हाई आल्तो," म्हणाला आणि घोड्यावर बसला. त्याचं चूक नव्हतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी नानांकडे गेले आणि म्हणाले, "नाना, तुम्हालाच पाहिजे तर तुम्हीच घ्या. व्यापारी देत होता तेवढं द्या."

नाना हसले. "तेवढं? त्या नासक्या रांजणांच्या जागेला? बस की, घाई काय हाय. दसरा दूर हाय अजून."

दसऱ्याचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण तेव्हा मला सगळं उमगलं. त्यांना घर विकत घ्यायचंच नव्हतं. येणाऱ्याला शुफ्याचा धाक घालून परतवायचं, आणि दसरा तोंडावर आला की आमच्याकडून फुकटाच्या भावात पदरात पाडून घ्यायचं. त्यांनी जो भाव सांगितला त्यात बरी म्हैस आली नसती. मी उठले आणि म्हणाले, "नाना, घर मी गंगेला दान करीन, पण तुम्हाला या भावात देणार न्हाई." हे बोलायला सोपं होतं. गंगा पैसे देत नाही.

पुढचे दोन महिने गावाची मोठी करमणूक झाली. नाना ओट्यावर मांडी घालून बसेनात, पाय खाली सोडून बसू लागले, म्हणजे पटकन उठता यावं. तंबाखूवर पोसलेले दोन साक्षीदार कायम शेजारी. चावडीवरून कोणी उगाच हाळी घालायचा, "रंगाऱ्याचं घर गेलं रे!" आणि नाना जिथं असतील तिथून उठून शुफा मागायचे. एकदा न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असताना उठले. एकदा भजनात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मीही हसले, पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर घर तिथंच होतं, वडील ओसरीच्या खांबाला धरून चालत होते, आणि आणखी दोन गिऱ्हाइकं नानांचा आवाज ऐकून गेली होती.

मग मणियारीण आली. बांगड्यांची दुरडी घेऊन ती अंबडहून गावोगाव फिरायची. माझ्या हातात बांगड्या भरायचा प्रश्न नव्हता, पण दुपारी वाऱ्याला म्हणून ती आमच्याच ओसरीवर टेकायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला भाभी म्हणायची. घर विकायचं आहे हे ऐकून ती उठली आणि घराभोवती एक चक्कर मारून आली. मग दुसरी मारली.

"दीवाल के इधर सास, दीवाल के उधर जेठानी," ती म्हणाली. "मैं खांसी तो दोनों पूछते, क्या हुआ. मेरेकू ऐसा घर होना, जिसकी चारों दीवालां मेरी."

"वास येतो भाभी. जमिनीतसुद्धा नीळ मुरली आहे."

"सास से तो कम है."

मी तिला नानांचं सांगितलं. तिनं कमरेवर हात ठेवला. असल्या म्हाताऱ्यासाठी आपण घर सोडणार नाही, असं म्हणाली आणि येत्या बाजाराच्या दिवशी मला अंबडला घेऊन गेली. तहसिलीबाहेर लिंबाखाली एक म्हातारे मुन्शी अर्ज लिहीत बसायचे. तिच्या नवऱ्याच्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "त्या चुलत्याची जागा तुमच्या जागेला कोणत्या अंगानं लागून हाय?"

"उगवतीला. मावळतीला रस्ता, मागं गंगा, पुढं गायरान."

"मंग उगवतीची जागा इकूच नका."

त्यांनी बोरूनं धुळीत एक चौकोन काढला आणि त्याच्या एका कडेला आतून रेघ मारली. "कुंपणाला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर रुंद पट्टी तुमच्या वालिदांच्या नावानं राहू द्या. बाकीचं इका. आता चुलत्याची हद्द कोणाला लागली? तुमच्या पट्टीला. इकलेल्या घराला तो लागतच न्हाई. मागू द्या त्याला शुफा."

"हातभर पुरंल?"

"बोटभर ठेवली तर कोर्टातला मुन्सफ हसंल. हातभराला न्हाई हसत. हे काय मी काढलेलं न्हाई बाई, लोक मुद्दतीपासून करून राह्यले."

घरी येईपर्यंत मी वडिलांना पटवायला दहा मुद्दे जुळवले होते. एकही वापरावा लागला नाही. "म्हंजे समदं इकायचं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. हातभर राहील."

"माझ्या नावानं?"

"तुमच्याच."

त्यांनी ओसरीच्या जमिनीवर आपला हात सरळ पसरून पाहिला. मग म्हणाले, "मंग इक." चार महिने मी ज्या दारावर डोकं आपटत होते ते असं उघडलं. मला त्या पट्टीचं काहीच वाटत नव्हतं, हे खरं सांगते. माझ्या लेखी ती नानांच्या पायात घालायची काठी होती. वडिलांनी मनात तिचं काय केलं आहे ते माझ्या ध्यानात आलं नाही, आणि ध्यानात घ्यायला मला सवडही नव्हती. दसरा तीन आठवड्यांवर होता.

पट्टी आखायला बसलो तेव्हा मी म्हणाले, दोन टोकांना मोजू, मध्ये दोरी ताणू, झालं. वडील ऐकेनात. हात त्यांचाच, आणि प्रत्येक पावलाला. कुंपणाला कोपर टेकवून ते हात जमिनीवर सरळ पसरायचे, मधलं बोट जिथं येईल तिथं मी धोंडा रोवायची, मग ते गुडघ्यांवर पुढं सरकायचे. कोपरापर्यंत निळा पडलेला तो हात. बाभळीच्या काट्यांनी कोपर रक्ताळलं. भाभी नदीतून धोंडे आणून देत होती. पलीकडून नानांनी मान वर काढली. "काय करून राह्यले रे?"

"पडवळ लावून राह्यलो," मी म्हणाले.

रजिस्ट्रीच्या दिवशी नाना अंबडला आमच्याआधी हजर. दोन्ही साक्षीदार धुतलेल्या कपड्यांत. कचेरीत भाभीचा नवरा, वडील, मुन्शीजी. दाराशी मी आणि भाभी. उर्दूत लिहिलेल्या दस्तावर शिक्का पडला, आणि त्याचा आवाज विरायच्या आत नाना दारातून ओरडले, "मी शुफा मागतो!" इतके दिवस त्यांनी चुकीच्या वेळी केलेलं काम त्या दिवशी अगदी वेळेवर केलं होतं.

मुन्शीजींनी चष्मा पुसला आणि दस्तातली चतुःसीमा वाचून दाखवली. मावळतीला रस्ता. दक्षिणेला गंगा. उत्तरेला गायरान. उगवतीला विकणाऱ्याची स्वतःची, न विकलेली, हातभर रुंद जमीन. नानांचा वर केलेला हात वरच राहिला. साक्षीदार एकमेकांकडे बघू लागले. "कज्जा लावा की," मुन्शीजी अदबीनं म्हणाले. "खर्चा तुमचा."

नाना वडिलांकडे वळले. आवाज एकदम मऊ. "दादा, मंग ती पट्टी तरी दे मला. काय करणार तिचं? खाट बी मावत न्हाई तिच्यात. मागशील ते देतो."

"न्हाई," वडील म्हणाले. "ती इकायची न्हाई."

सगळ्यांशी नमतं घेणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून इतकं स्वच्छ "न्हाई" मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला. आपण जिंकलो असं वाटलं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी सकाळी गाडी दाराशी लागली. भाभीचं सामान उतरत होतं, आमचं चढत होतं. ती चारी भिंतींना आळीपाळीनं हात लावत फिरत होती आणि मला तिचा आनंद बघवतही होता आणि बघवतही नव्हता. गाडीवान जल्दी करा म्हणत होता. वडील दिसेनात. मी आधी पायऱ्यांकडे धावले. तिथं नव्हते. ते पट्टीवर बसले होते.

पाठ काट्यांना, तोंड घराकडे, गुडघे पोटाशी घेतलेले. पाय पसरले तर भाभीच्या जमिनीत जातील म्हणून बोटंसुद्धा आत ओढून घेतली होती. मला ओळखून म्हणाले, "इथं बसलो तर कोणी ऊठ म्हणणार न्हाई."

गाडीवानानं पुन्हा हाक मारली.

"तू जा माय. तुझी जागा जाईल. मी वर एक पाल टाकीन. मला किती लागतं?"

हातभर जागेत माणूस राहत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण मी जिला काठी समजत होते तिला ते गाव समजत होते, आणि त्याच भरवशावर त्यांनी अंगठा दिला होता. मला त्यांच्याशेजारी बसून मोठ्यानं रडावंसं वाटलं. दोघांना बसायला तिथं जागा नव्हती. पलीकडून नाना बघत होते. त्यांनीही तोंड उघडलं नाही. वडिलांना ऊठ म्हणायचा हक्क त्यांना नव्हता, भाभीला नव्हता, कुणालाच नव्हता.

पुढं वडिलांचा एक डोळा चांगला झाला. मी शिकले, पोटापुरतं कमावलं, किती बायकांची सुटका केली त्याची गणती नाही. ते माझ्याजवळ नऊ वर्षं जगले आणि कोणी गाव विचारलं की म्हणायचे, आमची जमीन हाय गंगंच्या काठाला. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन, यात मला शंका नाही.

त्या सकाळी मी वाकून त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "आबा, उठा."

ते लगेच उठले. त्यांच्या स्वतःच्या जमिनीवरून त्यांना ऊठ म्हणणारी जगात मी एकटीच निघाले.